लेन्सची रिंग आणि आपला हात

पुरणाला चटका किती द्यायचा, पाक एकतारी झाला की दोनतारी, भाकरीचं पीठ आणखी किती मळायचं, हे आपल्याला कुणी आकड्यांत सांगितलेलं नसतं. ते हात शिकतो, आणि एकदा शिकला की विसरत नाही. मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला अशाच एका हाताच्या विद्येबद्दल सांगणार आहे. मात्र ती स्वयंपाकघरातली नव्हे. जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्सने आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर फोटो कसे काढायचे, ती ही विद्या.

"अगं बाई, हे कुठलं नवीन खूळ?" असं तुमच्या मनात आलंच असेल. आमच्याकडेही ह्यांनी पहिल्या दिवशी हेच विचारलं, "अगं, फोनमध्ये इतका चांगला कॅमेरा असताना हा उपद्व्याप कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. फोन चांगलाच फोटो काढतो. मीही शाळेतल्या स्नेहसंमेलनाचे, मुलीच्या वाढदिवसाचे फोटो फोननेच काढते. पण कशाकडे बघायचं हे बहुतेक वेळा फोन ठरवतो. खिडकीच्या गजांपलीकडे तुळशीपाशी मूल उभं असलं, तर कधी तो गजच स्पष्ट दाखवतो आणि मूल धूसर. त्याला काय ठाऊक, आपल्याला कोण हवं आहे ते! हाताने फोकस करताना मात्र ते आपणच ठरवायचं. कुणाकडे बघायचं, हे दिवसातून एकदा तरी आपण स्वतः ठरवावं, इतकी हौस संसारी बाईला असायला काय हरकत आहे?

आमच्या घरी हे कसं सुरू झालं, ते थोडक्यात सांगते. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आमच्या तळमजल्यावर खिडकीच्या वरपर्यंत पाणी होतं. भांडी धुऊन परत मिळाली, गाद्या नवीन भरल्या, फ्रीज हप्त्याने आणला. पण कपाटाच्या खालच्या खणातले चार अल्बम गेले ते गेलेच. फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. मामंजींनी तीस वर्षं काढलेले लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे सगळे फोटो त्यात होते. सासूबाईंच्या माहेरचा, त्यांच्या आईचा एकुलता एक फोटोही त्यातच होता.

(अशी वेळ तुमच्यावर न येवो. पण आलीच तर हे लक्षात ठेवा : भिजलेले फोटो गठ्ठ्याने वाळू देऊ नयेत, वाळले की ते कायमचे चिकटतात. ओले असतानाच हलक्या हाताने सुटे करावेत, स्वच्छ गार पाण्यातून काढावेत आणि चित्राची बाजू वर करून टीपकागदावर किंवा सुती कापडावर सावलीत वाळवावेत. चित्राच्या बाजूवरून बोट फिरवू नये. लगेच जमण्यासारखं नसेल आणि वीज असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत, म्हणजे पुढचं काम सवडीने करता येतं.)

पुरानंतर सासूबाई फार बोलेनाशा झाल्या. सामान गेल्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पण दुपारी झोपाळ्यावर बसून त्या एकाच जागी बघत राहायच्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि दुसऱ्या डोळ्याला पडद्याच्या आजारामुळे मधलं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. "माणसं गेलीच होती, आता त्यांचे चेहरेही गेले," एवढंच एकदा म्हणाल्या.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरून एक स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा खाली आला. मला वाटलं, जुने पापड असतील! उघडला तर आत मामंजींचा निकॉनचा फिल्मचा कॅमेरा आणि त्याची ५० मिलिमीटरची लेन्स होती. सोबत सिलिका जेलच्या पुड्या होत्या आणि प्रत्येक पुडीवर ती बदलल्याची तारीख त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली. शेवटची तारीख ते गेले त्याच्या आदल्या वर्षीची. कॅमेऱ्याचं शटर अडकलं होतं. लेन्सच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी थोडी बुरशी आली होती, ती पुण्याच्या एका कारागिराने साफ करून दिली. पुढे मुंबईच्या पुतण्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना सोनीचा मिररलेस कॅमेरा मला देऊन टाकला. "काकू, ह्याच्यावर काकाआजोबांची लेन्स बसते बरं का," हे त्यानेच सांगितलं. म्हणाला आणि गेला मुंबईला! पुढचं सगळं मी दुपारच्या वेळात शिकले. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे दुपारी तीन ते चार हा तास माझा स्वतःचा असतो.

आता मुद्द्यावर येते. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते कशी? प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्यात, लेन्स जिथे बसते ती कडी आणि आतली फिल्म किंवा सेन्सर ह्यांमधलं अंतर ठरलेलं असतं. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत ते ४६.५ मिलिमीटर आहे. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नसल्यामुळे ते अवघं १८ मिलिमीटर आहे. म्हणजे मधे साडेअठ्ठावीस मिलिमीटरची जागा उरते. तेवढ्याच जाडीची एक धातूची पोकळ कडी मधे घातली, की लेन्स आपल्या पूर्वीच्याच अंतरावर येते. तिलाच अडॅप्टर म्हणतात. साध्या अडॅप्टरमध्ये काच नसते, तार नसते. मला तो हजार-बाराशेला पडला. मात्र तुमच्या लेन्सची आणि तुमच्या कॅमेऱ्याची अशी दोन्ही नावं पाहूनच घ्यावा. दागिन्याच्या फिरकीसारखं असतं ते, एकाची दुसऱ्याला चालत नाही.

लेन्स बसवली तरी कित्येक कॅमेरे बटण दाबल्यावर ढिम्म हलत नाहीत. त्यांना वाटतं, लेन्सच लावलेली नाही! कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये 'लेन्स नसतानाही शटर चालू दे' अशा अर्थाची एक सोय असते, ती सुरू करावी. दुसरं काम व्ह्यूफाइंडरच्या कडेला असलेल्या इवल्याशा चाकाचं. हे चाक चश्म्याच्या नंबरासाठी असतं. ते फिरवताना समोरच्या दृश्याकडे बघायचं नाही, तर व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या अक्षरांकडे आणि आकड्यांकडे बघायचं. ती काळीशार, रेखीव दिसली की चाक सोडून द्यावं. चश्मा लावून फोटो काढणार असाल तर चश्म्यासकट हे करावं. हे चाक जुळलेलं नसेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते, कारण चित्र लेन्सने धूसर केलं आहे की आपल्या डोळ्याने, हे कळायला मार्गच उरत नाही.

आता लेन्सवरच्या दोन रिंगा. एकीवर १.८, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे आकडे असतात. ही आतली झडप उघडण्या-मिटण्याची रिंग, आपल्या डोळ्यातल्या बाहुलीसारखी. आकडा लहान तितकी झडप मोठी. २.८ वरून ४ वर, ४ वरून ५.६ वर असं एकेक पाऊल गेलं की उजेड निम्मा होतो. पण उजेडापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या पट्टीची जाडी. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान आहे. त्यावर ह्या लेन्सने एक मीटरवरच्या माणसाचा फोटो १.८ ला काढला, तर स्पष्ट पट्टी जेमतेम तीन सेंटिमीटरची मिळते. म्हणजे डोळा स्वच्छ आला तरी नाकाचा शेंडा धूसर! तोच फोटो ८ ला काढला तर पट्टी बारा-तेरा सेंटिमीटरची होते. आणि माणूस दुप्पट लांब गेला की पट्टी चौपट होते. एवढं गणित पाठ असलं की पुरे. मी तर बी.ए.ची विद्यार्थिनी, गणिताशी माझं कधी जमलं नाही, पण हे मात्र पोळ्यांच्या हिशेबासारखं तोंडावर बसलं.

दुसरी रिंग फोकसची. ती रुंद असते आणि तिच्यावर फुटांचे व मीटरचे आकडे असतात. ती फिरवली की आतल्या आट्यांवरून काचा पुढे-मागे सरकतात. किती सरकतात म्हणाल, तर दूरच्या डोंगरावरून एक मीटरवरच्या माणसावर यायला जेमतेम अडीच मिलिमीटरच्या आसपास! आणि एक मीटरवरून अर्ध्या मीटरवर यायला मात्र आणखी तीन. म्हणूनच लांबच्या वस्तूंना रिंग जराशी हलवली तरी खूप फरक पडतो, आणि जवळच्या वस्तूसाठी ती बरीच फिरवावी लागते. पीठ पातळ करताना सुरुवातीला वाटीभर पाणी चालतं आणि शेवटी चमचाभर पाण्याने सारा फरक पडतो, तसंच हे.

रिंग फिरवायची पद्धत अशी. डावा तळवा लेन्सच्या खाली, जशी आपण गरम वाटी फडक्यात धरतो तसा. अंगठा आणि पहिलं बोट रिंगवर. कोपरं अंगाशी. शक्य असेल तर पाठ दाराच्या चौकटीला टेकवावी. झडपेची रिंग आधी १.८ वर आणावी, म्हणजे पट्टी अरुंद राहते आणि चूकबरोबर चटकन दिसतं. मग फोकसची रिंग फिरवत चित्र स्पष्ट होऊ द्यावं, आणि थांबू नये. तसंच पुढे जाऊन पुन्हा थोडं धूसर होऊ द्यावं, मग उलट यावं. असं दोनदा पुढे-मागे केलं की मधली जागा हाताला कळते. सतारीची तार लावणारा माणूसही सूर ओलांडून परत येतो ना, अगदी तसं. जागा सापडली की झडप ४ किंवा ५.६ वर न्यावी, अर्धा श्वास सोडावा आणि बटण दाबावं.

जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांत ह्यासाठी एक सुंदर सोय होती. पडद्याच्या मधोमध एक गोल असायचा आणि त्यात चित्र दोन तुकड्यांत सरकलेलं दिसायचं. रिंग फिरवून ते तुकडे जुळले की फोकस बरोबर. साडीच्या फॉलची कड जुळवावी तसं! डिजिटल कॅमेऱ्यात बहुधा तो गोल नसतो. त्याऐवजी दोन युक्त्या असतात. एक म्हणजे फोकस पीकिंग. ह्यात जे स्पष्ट आहे, त्याच्या कडा लाल किंवा पिवळ्या रंगाने चमकतात. पदराचे काठ, रांगोळीच्या रेघा, पानांच्या शिरा ह्यांना ही युक्ती छान लागू पडते. पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. खऱ्या पट्टीपेक्षा रंगाची पट्टी रुंद दिसते, आणि गालासारख्या मऊ जागेवर तर रंग उमटतच नाही. म्हणून पीकिंगची पातळी मेनूतून कमी ठेवावी. दुसरी युक्ती चित्र मोठं करून बघण्याची. एक बटण दाबलं की निवडलेली जागा पाच-सहा पट किंवा त्याहूनही मोठी दिसते. माणसाचा फोटो असेल तर आपल्या बाजूचा डोळा मोठा करून पापण्यांचे केस मोजता येतील इतपत फोकस करावा. पापण्या स्पष्ट आल्या की बाकीचा चेहरा आपलं आपण बघून घेतो.

सरावासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. ओट्यावर डाळींचे पाच डबे तिरक्या ओळीत मांडावेत, पहिला आपल्याजवळ, पाचवा लांब. मग १.८ वर तिसऱ्या डब्याच्या चिठ्ठीवर फोकस करून फोटो काढावा, आणि मोठा करून बघावा. तिसऱ्याऐवजी दुसराच स्पष्ट आला असेल तर हात कुठे सरकला ते कळतं. पहिले शंभर-दीडशे फोटो धूसर येतात, ते येऊ द्यावेत. इथे फिल्म जळत नाही, पैसे पडत नाहीत. धूसरपणाही दोन जातींचा असतो, तो ओळखायला शिकावं. फोटोत दुसरं काहीतरी, मागची भिंत किंवा पुढची वाटी, स्वच्छ आलं असेल तर फोकस सरकला आहे. काहीच स्वच्छ नसेल आणि दिव्यांच्या रेघा झाल्या असतील तर हात हलला आहे. त्यावर उपाय म्हणजे शटर १/१२५ सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नये, उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवावा.

हलतं मूल हा सर्वांत अवघड प्रकार. पण आमच्या घरी झोपाळा आहे, आणि झोपाळ्याने मला एक धडा दिला. धावत्या झोपाळ्याच्या मागे रिंग फिरवत बसू नये. झोपाळा दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो. त्या टोकाला कुणाला तरी बसवून आधीच फोकस करून ठेवावा, मग झोका देऊन तो तिथे यायची वाट बघावी. मूल आपल्या पायांनी फोकसमध्ये चालत येतं! दारातून आत येणारी मुलं, उंबऱ्यावर पाय ठेवणारी नवी नवरी, सगळ्यांना हीच युक्ती चालते.

आता ह्यातली सर्वांत जुनी युक्ती. ती मला पुस्तकात नाही, घरातच मिळाली. एका दुपारी सासूबाई खिडकीपाशी वालाचं बिरडं सोलत बसल्या होत्या. उन्हाचा कवडसा नेमका त्यांच्या हातांवर पडला होता. मी कॅमेरा घेऊन आले, तशा त्या म्हणाल्या, "माझा कसला फोटो काढतेस? तोंडाचं बोळकं झालंय."

"आई, तोंडाचा नाही, हातांचा काढते," मी म्हटलं आणि रिंग पुढे-मागे करू लागले. रिंगचा तो बारीकसा सरसर आवाज त्यांच्या कानांवर पडला असावा. हातातलं बिरडं त्यांनी सूपात टाकलं.

"ह्यांचीच लेन्स ना गं ती?"

"हो."

"मग बघतेस कशाला एवढं? हे मला विचारायचे. रात्रीच्या मुंजी-लग्नांत कॅमेऱ्यातून काही दिसायचंच नाही. हे म्हणायचे, 'किती गं?' मी म्हणायची, 'आठ फूट.' तेवढ्यावर लावायचे नि काढायचे."

मी बघतच राहिले. ह्या घरात अल्बम होते तोवर ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. सासूबाई घरच्या सगळ्यांचे कपडे शिवायच्या, टेपशिवाय कापड मोजायच्या. मामंजींच्या सगळ्या रात्रीच्या फोटोंचं अंतर त्यांच्या डोळ्यांनी मोजलेलं होतं, आणि आम्ही त्या फोटोंना 'मामंजींचे फोटो' म्हणत आलो!

"मग आत्ता किती, आई?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान जराशी वळवली. कडेचं दिसतं ना त्यांना. म्हणाल्या, "तीन हात नि वर एक वीत."

हात म्हणजे दीड फूट, वीत म्हणजे पाऊण. सव्वापाच फूट, सुमारे १.६ मीटर. मी रिंग डोळे मिटून नुसत्या आकड्यावर आणली, झडप ४ वर ठेवली, आणि मग मोठं करून पाहिलं. नखांच्या कडा, बांगडीवरची चीर, वालाच्या सालीवरचं पाणी, सगळं लख्ख! ह्यात जादू काही नाही. ४ वर आणि एवढ्या अंतरावर सोळा-एक सेंटिमीटरची सूट मिळते, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. पण तेवढ्या सुटीत बसेल इतकं अचूक अंतर, एका डोळ्याला नीट दिसत नसताना, त्यांनी सांगितलं होतं.

तो फोटो मी स्टुडिओतून मोठा करून आणला. सासूबाईंनी तो खिडकीशी नेला, जरासा कडेला धरला आणि बराच वेळ पाहिला. मग करंगळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही वाकडी करंगळी माझ्या आईची." त्यांच्या आईचा तो एकुलता एक फोटो पुरात गेला होता, हे मी वर सांगितलंच आहे. त्या संध्याकाळी त्या आईबद्दल पुष्कळ बोलल्या. राजापूरकडचं घर, पाटाचं पाणी, करंगळी वाकडी झाली तो उखळाचा प्रसंग. माझी मुलगी अभ्यास टाकून ऐकत बसली. हेही बसले होते, आणि त्या दिवसानंतर 'उपद्व्याप' हा शब्द काही मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

बायकांनी कॅमेरा हाती घेणं ही काही आजची गोष्ट नव्हे. होमाई व्यारावाला हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९१३ साली नवसारीला जन्म, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण, आणि भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून नाव. १५ ऑगस्ट १९४७ चे दिल्लीतले क्षण त्यांनी टिपले. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्या गर्दीत उभ्या राहात. त्यांच्या कॅमेऱ्यांत आपोआप होणारं असं काही नव्हतं, फोकस सगळा हाताचा. आणि सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून येत ते पतीच्या नावाने! १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ मध्ये त्या वडोदऱ्याला वारल्या. त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मला आमच्या सासूबाईंचं 'आठ फूट' आठवलं. फोटोवर नाव कुणाचं आणि त्यामागे नजर कुणाची, हे विचारायची सवय आपण घरापासूनच लावायला हवी.

लेन्सच्या निगेबद्दल चार शब्द, कारण कोकणातल्या पावसाळ्यात हेच खरं काम. बुरशीला अंधार आणि दमट हवा आवडते. म्हणून लेन्स चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात कोंडू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी, आणि आत एक छोटं आर्द्रता दाखवणारं यंत्र ठेवलं तर उत्तमच. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असावा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं, पण त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं मुळीच घेऊ नये. विशेषतः निळं सिलिका जेल अन्नापासून आणि मुलांपासून दूरच हवं. कपड्यांत ठेवतो त्या डांबरगोळ्या आणि कापूर लेन्सच्या डब्यात चुकूनही टाकू नयेत, त्यांची वाफ काचेला अपाय करते. लेन्स पदराने पुसायचा मोह होतो, तो आवरावा. आधी रबरी फुग्याने धूळ उडवावी, मग मऊ स्वच्छ कापडाने मधून कडेकडे पुसावं. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून रिंगा फिरवाव्यात. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी कमी धरते.

तुमच्याही माळ्यावर, सासऱ्यांच्या किंवा माहेरी वडिलांच्या ट्रंकेत अशी एखादी लेन्स असेल. ती विकायला काढण्यापूर्वी उजेडाकडे धरून एकदा आरपार बघा. काच स्वच्छ असेल, रिंगा फिरत असतील, तर एक अडॅप्टर आणि कुणाचा तरी जुना मिररलेस कॅमेरा एवढ्यावर काम होतं. आणि घरात जी म्हातारी माणसं आहेत, त्यांचे चेहरेच नव्हेत, तर हातही काढून ठेवा. त्या फोटोंच्या दोन प्रती करा, एक आपल्याकडे आणि एक दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे किंवा जावेकडे. पाणी दोन्ही गावांत एकाच दिवशी शिरेलच असं नाही.

शेवटची एक गोष्ट. मामंजींनी तीस वर्षं फोटो काढले, त्यामुळे ते स्वतः फारशा फोटोंत कधी आलेच नाहीत. फोटो काढणाऱ्या बाईचंही तसंच व्हायचं. म्हणून मी माझ्या बारा वर्षांच्या मुलीला रिंग फिरवायला शिकवते आहे. परवा तिने माझा फोटो काढला, मी वह्या तपासत असताना. अंतर तिला आजीने सांगितलं होतं. तुम्हीही दर महिन्याला एकदा कॅमेरा मुलांच्या हाती द्या, आणि केस नीट करायला न जाता आहात तशा बसून राहा.